पिन शाबूत होती

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय ड्वाइट पॉमरॉय, व्यासपीठावरच्या पास्टर इंगा सोल्बर्ग, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते ओरिन वासगार्ड, आणि नेमबाजी क्लबच्या माझ्या बंधुभगिनींनो,

ओरिनकाकांची दृष्टी अधू झाली, म्हणून ते दुकान बंद करून बहिणीकडे फार्गोला निघालेत. मॉन्टानातल्या आपल्या या गावात बंदूक दुरुस्तीला आता कुठे न्यायची, हा प्रश्न आहेच. माझं दुःख मात्र निराळं आहे. तेवढं सांगायची परवानगी असावी.

मी कोरा टेबेट्स. माझे वडील, हार्लन, तुम्हा सर्वांच्या परिचयाचे. गेल्या शरद ऋतूत त्यांच्या म्हाताऱ्या घोडीचा पाय कुंपणाच्या लोखंडी जाळीत अडकून मोडला. वाचण्यातली नव्हती. बाबांनी रिव्हॉल्व्हर आणलं, चाप ओढला. नुसता खट्ट आवाज. गोळी कधी कधी उशिरा सुटते, म्हणून नळी जमिनीकडे धरून ते थांबले. पुन्हा ओढला. पुन्हा खट्ट. घोडी त्यांच्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा बार झाला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "पिन तुटली असणार. ओरिनला दाखव."

ओरिनकाकांनी काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या त्या पिनचं टोक उजेडात पाहिलं. स्प्रिंग पाहिली, तिचा स्क्रू पाहिला. स्वतःची काडतुसं घालून झाडली. एकही फुकट गेलं नाही. मग बाबांनी घरी भरलेली काडतुसं टेबलावर उलटी मांडून त्यांच्या बुडावरून, ठिणगी पाडणारी प्रायमरची टिकली बसवतात तिथून, अंगठा फिरवला.

"प्रायमर वर राहिलेत, कोरा. पिनचा सगळा जोर त्यांना आत ढकलण्यातच जातो, मग ठिणगी कुठून पडणार? तुझ्या बापाच्या हातात ते नीट आत दाबायची ताकद उरली नाही."

"काका, पिन तुटली होती म्हणून सांगा ना. घोडीचे हाल आपल्या हातून झाले हे कळलं तर ते खचतील हो."

"आणि उद्या त्याच हातांनी काडतुसात दारू जास्त पडली तर? रिव्हॉल्व्हर तोंडासमोर फुटेल, पोरी."

ते स्वतः आमच्या घरी आले. टोपीही काढली नाही. "हार्लन, पिन शाबूत आहे. दोष भरण्यात आहे. तुझे हात गेले रे."

बाबा उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं. "निघ."

चाळीस वर्षांची मैत्री! कित्येक महिने बोलणं बंद. मीही ओरिनकाकांना रस्त्यात ओळख दिली नाही. इतकं खरं बोलायचं काय अडलं होतं, असं वाटायचं. पण त्या दिवसापासून बाबांनी काडतूस भरायला घेतलं नाही.

फेब्रुवारीत बाबांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणत, बघू. मी म्हणे, बरं वाटेल. एका दुपारी बाबा म्हणाले, "ओरिनला बोलाव."

ते आले, पलंगाच्या कडेवर बसले. बाबांनी विचारलं, "ही सगळी मला गोंजारतात. तू सांग. यंदाची वासरं बघेन मी?"

मी मागून हातवारे करत होते. ओरिनकाकांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "नाही रे, हार्लन."

मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. पण बाबांनी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! मग ते बोलायला लागले. कोणती कालवड विकायची नाही, आईशेजारी कोणत्या बाजूला पुरायचं, मी किती हट्टी आहे. दिवेलागणीपर्यंत बोलत होते. ओरिनकाका हात धरून होते.

पहिलं वासरू जन्मलं त्याच्या आदल्या आठवड्यात बाबा गेले.

ओरिनकाका, ती दुपार आम्हाला दुसऱ्या कोणी दिली नसती. मी तेव्हा आभार मानले नाहीत, आज मानते. अध्यक्षमहाराज, वेळ जास्त घेतला, सगळ्यांनी सांभाळून घ्यावं. आता मला त्यांना फक्त मिठी मारायची आहे. नमस्कार.