दोन खोडलेले ‘व्हेरी’

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज सेवानिवृत्त होणारे आमचे सोमशेखर सर, शेजारी बसलेल्या नीलम्मा काकू, गुरुजन आणि माझ्या आजी-माजी विद्यार्थी मित्रांनो,

मी क्रांती. सरांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांच्या गुणांवर आधीचे वक्ते भरभरून बोलले; मी एका शब्दापुरतंच बोलते. ‘व्हेरी’. इथं कुणाच्या वहीत सरांनी तो खोडला नाही? हसताय, हसा. मी हसले नव्हते.

महापुराच्या वर्षी मी आठवीत होते. शिरोळकडचं आमचं घर पाण्यात गेलं, आई गेली. मंगळवार पेठेतल्या धोंडुबाई मावशीनं मला आणलं, या शाळेत घातलं. सरांनी आईवर इंग्रजी निबंध लिहायला सांगितला. मी लिहिलं, माझी आई व्हेरी व्हेरी व्हेरी शूर होती. लाल शाईनं दोन खोडले गेले. शेजारी शेरा, ‘एक पुरे.’ दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला गेले नाही.

आठवड्यानं सर वही घेऊन दारात. तोवर त्यांना आईचं कळलं होतं. मावशी म्हणाली, “बसा की सर. पोरगी जेवत न्हाय, बोलत न्हाय.”

सर खाली फरशीवरच बसले. “क्रांती, ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळात अर्थ ‘खरा’. लोकांनी इतका वापरला, की झिजून नुसता ‘फार’ उरला. तू तीनदा ‘खरंच’ म्हणालीस, मी दोनदा खोडलं. न विचारता. चुकलं माझं.”

मावशी चहा टाकायला आत गेली. मी म्हणाले, “सर, ते खरं न्हाय. आई लई भ्यालती. नावेत बसल्यावर मीच रडले, म्हस बांधलेलीच हाय म्हणून. ती दावं सोडायला माघारी गेली. म्हस पोहत आली. आई न्हाय आली.”

‘तुझी चूक नाही’ असं सर म्हणाले नाहीत. हातातली वही मिटून खाली ठेवली. मग विचारलं, “मावशींना सांगितलंस?”

मी मानेनंच ‘नाही’ म्हटलं.

“सांगवेल तेव्हा सांग. तोवर हे माझ्यापाशी राहील.”

सोमवारी मी शाळेत आले.

सरांनी ते सात वर्षं सांभाळलं. आता हे ओझं देऊन त्यांना घरी कसं पाठवू? मावशी तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची बहीण माघारी का वळली, हे तिला आत्ता, तुमच्याबरोबर कळलं. एकटीला सांगायचं धाडस मला झालं नाही.

सर, तुमची ऋणी आहे. सभेनं ऐकून घेतलं, आभार. समारंभाला न शोभणारं बोलले, ते पोटात घाला. मावशी, तुझी माफी मात्र इथून नाही मागत. मी खाली येते.