चौथ्या टोपलीचा साक्षीदार

— नाही हो, तुमची वही मी वाचलेली नाही. म्हणजे वाचली, पण मुद्दाम नाही. तुम्ही ती अशी मांडीवर उघडी टाकलीत, आणि माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, सुईत दोरा ओवून ओवून नजर इतकी तयार झालीये की पाच हातांवरचं दिसतं — त्यात तुमचं अक्षर टपोरं, त्याला मी काय करणार. ‘सपाट. उघडं. झाडं नाहीत, चढउतार नाही. नऊ टोपल्या, तासाभरात संपतं. पुन्हा यावं असं काही नाही.’ बरोबर ना? बसा, बसा, मी भांडायला आले नाहीये. धावत आले म्हणून दम लागलाय, दोन मिनिटं टेकते. म्हणजे तुम्ही गावोगावची ही तबकडी-खेळाची मैदानं बघत हिंडता आणि कुठलं कसं आहे ते लिहिता? छान आहे की. मला एकच विचारायचंय. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, त्या समोरच्या चौथ्या टोपलीत एक तबकडी गेली. थेट, एका फेकीत. फेकली त्या तिकडे पांढऱ्या टोपीवाल्या बाई बसल्यात ना, पाठ फिरवून, पिशवी आवरतायत — त्यांनी. तुम्ही इथेच बसला होतात, तोंड टोपलीकडे होतं. पाहिलीत ना? — थांबा, लगेच सांगू नका. आधी माझं ऐकून घ्या. मला ना, हसू आवरत नाहीये, आणि हे कोपर बघा, लाल झालंय ना? इथे घासून गेली ती तबकडी. घासली आणि साखळ्यांत शिरली, आणि खाली टोपलीत बसली ती अशी बसली की जणू तिचं आरक्षणच होतं.

त्या माझ्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहतात, म्हणजे खरं तर आम्ही त्यांच्या घरात राहतो, पण ते जाऊ दे. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. मुलं त्यांना ‘शिट्टी’ म्हणायची, अजून म्हणतात, दाढी पिकलेली माणसं रस्त्यात थांबून ‘शिट्टीबाई, ओळखलंत का’ विचारतात आणि पोट आत घेऊन उभी राहतात. थाळीफेकीत त्यांचा शाळेचा विक्रम होता, तो मोडला की नाही कुणाला माहीत नाही, त्या म्हणतात नाही, तर नाही. आणि नजर — नजर म्हणजे घार हो. मी नवी नवरी होते तेव्हापासून. फळीवरची धूळ, दुधाच्या पातेल्याचा करपलेला तळ, उंबऱ्यातली चप्पल डावी की उजवी. मी दुकानात कुणाची पँट आखूड करून ठेवली की त्या येता जाता नुसती मान तिरकी करायच्या — ‘डावा पाय दोन दोरे खाली आहे.’ आणि असायचा. तोच तर राग होता माझा, की असायचा.

तर तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं गेलं. कडेचं दिसतं, मधोमध डाग, म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, आणि मला तिथे दवाखान्यात बसल्या बसल्या — हे कुणाला सांगू नये, पण तुम्ही काय, उद्या दुसऱ्या गावाला — मला बरं वाटलं. हलकं वाटलं. म्हटलं, चला, आता घरात धूळ असली तरी ती माझी आणि देवाची. एक दिवस वाटलं. दीड दिवस. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या दुकानात आल्या, बाकावर पडलेली पँट उचलली आणि शिवण बोटांनी चाचपायला लागल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि काहीच बोलल्या नाहीत. ठेवून दिली. ती पँट तिरकी होती हो. चांगली चार दोरे. मी रात्रभर — जाऊ दे.

मग त्यांनी खोली धरली. खिडकी लावून बसायच्या. हे आमचे, बॉयलर दुरुस्त करतात, बोलणं बेताचं, ते म्हणाले, ‘तूच काय ते बघ.’ म्हणजे बहीण ह्यांची आणि बघायचं मी. एका सकाळी मीच म्हटलं, वन्सं, बागेत नवीन काहीतरी केलंय, गोल्फ म्हणे, पण काठी नाही नि चेंडू नाही, तबकडी फेकायची आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्यांची टोपली. त्या म्हणाल्या, ‘तबकडी म्हणजे थाळीच ना.’ आणि उठल्या. चपला शोधायला लागल्या. पहिल्यांदा आम्ही नदीपलीकडच्या बागेतल्या त्या मोठ्या मैदानावर गेलो, तुम्ही बघितलं असेल, झाडी, उतार, सगळे वाखाणतात. तुम्ही त्याला किती तारे दिलेत? पाच? असू देत. तिथे वन्सं तिसऱ्याच टोपलीला एका मुळात पाय अडकून पडल्या, इथे भुवईवर तीन टाके. तेव्हापासून हे. तुमचं सपाट, उघडं. इथे मुळं नाहीत, दगड नाही, उतार नाही, कुणाचा हात धरावा लागत नाही. इथे त्या माझ्या पुढे चालतात. माझ्या पुढे, भराभरा, मीच मागून धापा टाकत. एकदा नुसतं बघा त्यांना चालताना, आणि मग ते ‘काही नाही’ लिहा खुशाल.

आमची रीत अशी — मी टोपलीपाशी उभी राहते, साखळ्या हलवते, छुन छुन छुन, आणि त्या आवाजावर फेकतात. हलवून झाल्या की मी दोन पावलं बाजूला. आणि नियम कुणाचा, तर शिट्टीचा — एक तरी तबकडी थेट टोपलीत गेल्याशिवाय घरी जायचं नाही. बघा आता. ज्यांना टोपली दिसत नाही त्यांचा हा नियम. पहिले दोन महिने रोज अंधार पडून आम्ही हरलेल्या सैन्यासारख्या घरी. मग एक दिवस त्यांची तबकडी टोपलीच्या कडेला लागली, टण् झालं आणि गवतात पडली. त्यांनी तिथून विचारलं, ‘गेली?’ आणि मी म्हटलं, ‘गेली.’ आणि उचलून आत टाकली, खळकन.

का म्हणजे? दया आली म्हणून. आता तुमच्याशी काय खोटं बोलायचं — दया नाही. माझे पाय दुखत होते. दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. म्हटलं, एकदाची गेली म्हटलं की सुटका. इतकं साधं होतं ते. पण मग त्या बाईचा चेहरा बघितला मी. दोन्ही हात वर. अडुसष्ट वर्षांची बाई, गवतात उड्या. घरी जाऊन सगळ्यांना फोन, जुन्या विद्यार्थ्यांना फोन, शेजारणीला जिन्यात थांबवून. खिडकी उघडली त्या दिवशी खोलीची. मग दुसऱ्यांदा मी जे केलं ना, ते पाय दुखत होते म्हणून नव्हतं. तिसऱ्यांदाही नव्हतं. तीनदा केलं. एवढंच.

आणि गेल्या रविवारी चौथ्यांदा करायला गेले. त्यांनी फेकली, चांगली वीतभर बाजूने गेली, मी आपली ठसक्यात ओरडले, ‘गेली वन्सं’ — आणि नेमका मागून एक सायकलवाला जात होता, भला माणूस, आडवा येऊ नये म्हणून थांबला होता, तो म्हणतो, ‘अरेरे आजी, थोडक्यात हुकली.’ संपलं. मी टोपलीत हात घालून उभी, तबकडी हातात, आणि तो पायडल मारत गेलासुद्धा. वन्सं काही बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंत नाही. चार दिवस नाही. पाचव्या दिवशी सकाळी चहा ओतताना एवढंच — ‘आधीच्या किती?’ मी म्हटलं, तीन. ‘म्हणजे एकही नाही.’ मी म्हटलं, एकही नाही. कपातला चहा सगळा प्यायल्या, कप विसळून उपडा ठेवला, आणि म्हणाल्या, ‘मला आयुष्यभर मुलांनी फसवलं, आजारी आहे म्हणून, पाय मुरगळलाय म्हणून. मला कळायचं. बघून कळायचं. आता बघून कळत नाही, म्हणून तू.’ मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी आज आल्या. का आल्या देव जाणे. पहिल्या तीन टोपल्या हुकल्या, मी हुकल्या म्हणून सांगितलं, किती बाजूने तेही सांगितलं, हातभर उजवीकडे, वीतभर वर, अगदी मोजणीदारासारखं. चौथीला मी साखळ्या हलवत होते आणि त्यांनी जरा लवकर सोडली, मी बाजूला होईपर्यंत आलीच ती, कोपराला घासून आत. मग मी किंचाळले, गेली, वन्सं, गेली, खरंच गेली. आणि त्या तिकडून काय म्हणाल्या माहितीये? ‘हो का.’ बस. ‘हो का. चल, झालं आपलं खेळून.’ आणि पिशवी भरायला लागल्या. साखळ्या मीच वाजवत होते ना, आवाजात आवाज मिसळला, त्यांना काय कळणार कुठला माझा नि कुठला तबकडीचा. मी शपथा घेतल्या. ह्यांची घेतली. तर म्हणतात, ‘माझ्या भावाला मध्ये आणू नकोस.’ बघा, हसू येतंय मला, आणि रडूही येतंय, आणि ती तबकडी अजून तिथे आत आहे, मी हातसुद्धा लावला नाही तिला, पण आत असून काय उपयोग, आत तर ती दर वेळी असायची.

म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही परके, वहीवाले, तुमच्यावर विश्वास ठेवतील त्या. आता सांगा. पाहिलीत ना?

— नाही?

लिहीत होतात. मान खाली. हो, बरोबर आहे, ‘पुन्हा यावं असं काही नाही’ लिहीत असाल तेव्हाच ती — अहो, मग हसू नको तर काय करू. पन्नास पावलांवरून न दिसणाऱ्या टोपलीत एका फेकीत, आणि बघणारा एकुलता एक माणूस शुद्धलेखन बघतोय. नाही, तुमची काही चूक नाही. माफी कसली मागता.

— काय म्हणालात? सांगाल? पाहिली म्हणून सांगाल त्यांना?

तुम्ही फार चांगले आहात हो. खरंच. आणि खोटं कशाला बोलू, आत्ता एक क्षण मी ‘चला’ म्हणून तुमचा हात धरणार होते. गेलीच आहे ना ती, मग पाहिली म्हटलं तर काय बिघडतं, गोष्ट तर खरीच आहे. पण नको. तुम्ही पाहिली नाहीत. ती खरी फेक आहे, तिला आपलं खोटं चिकटवायचं नाही. मला एकटीला माहीत आहे, राहू दे एकटीला. मी घरी जाऊन ह्यांना सांगेन, ते मान हलवतील. मला काय, मी आज दिवसभर हसत राहीन, गिऱ्हाइकाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय —

थांबा. उठल्या त्या. इकडेच येतायत. काठीसुद्धा टेकत नाहीयेत बघा. — काय, वन्सं? अहो, कुणी नाही, एक गृहस्थ आहेत, मैदानं बघायला येतात. — नाही, त्यांनी पाहिली नाही. ते लिहीत होते. हो, विचारलं मी. हो, नाही म्हणाले. — ऐकलंत? ‘बरं झालं नाही म्हणाले’ म्हणतायत. अहो, हसल्या त्या. पाच दिवसांत पहिल्यांदा. — काय? पुन्हा? आता? — बरं. बरं, सांगते त्यांना.

ऐका. त्या पुन्हा फेकणार आहेत. चौथीलाच. पण मी टोपलीपाशी उभं राहायचं नाही म्हणतात, मी इथे बाकावर गप्प बसायचं. साखळ्या तुम्ही वाजवायच्या. हो, तुम्हीच, ‘नाही म्हणणाऱ्या माणसाला पाठव’ असंच म्हणाल्या. वही ठेवा इथे, कुणी नेत नाही. जा, आतली तबकडी काढून बाहेर ठेवा, त्यांच्या पिशवीत दुसऱ्या आहेत, दोन्ही हातांनी साखळ्या हलवा, जोरात, तीनदा, आणि लगेच दोन पावलं डावीकडे, लगेच, नाहीतर कोपर माझ्यासारखं होईल. मग बघत राहा, मान वर करून. त्या विचारतील, ‘गेली?’ गेली तर गेली म्हणा. नाही गेली तर नाही गेली म्हणा, आणि किती बाजूने ते सांगा. दुसरं काही बोलू नका. मीही आता बोलत नाही. जा तुम्ही, त्या फेकायच्या चौथऱ्यावर चढल्या.