गडूभर पाणी

सून : ‘मीटरवर शून्य दिसलं तरच पाणी आत. एक दिसलं तरी बादली मोरीत ओत, पण काचेच्या आत नको.’ असंच म्हणायचे ना बाबा?

सासू : म्हणायचे. शेजारच्यांनाही पाठ झालं असेल ते.

सून : मग ते गेल्यापासून बावन्न दिवस मी तेच करतेय, आई. रोज शून्य. एकदाही चुकले नाही. तरी कोळंबी मेली, गोगलगाई मेल्या, प्रवाळांचे एकेक करून सांगाडे होताहेत. आणि मासे बघा, कसे टुणटुणीत फिरताहेत.

सासू : माशांना काय, वेळेवर खायला मिळालं की झालं.

सून : तसं नाहीये ते. जरा बसा इथे.

सासू : उभी आहे ती बरी आहे. भाजी व्हायचीय अजून.

सून : बसा म्हणतेय मी.

(सासू खुर्चीच्या कडेला टेकली. समुद्री माशांच्या टाकीसमोरची ही खुर्ची नवऱ्याची. बारा वर्षं तिने ती रोज पुसली होती, बसली आज पहिल्यांदाच. पाठ टेकायचं काही तिला जमलं नाही.)

सून : काल मासेवाल्याकडे गेले होते, शोभेचे मासे विकतो त्याच्याकडे. आपल्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं. तो म्हणाला, मासे धडधाकट आणि बाकीचं मेलं, म्हणजे माशांचं औषध घातलंत का? म्हटलं, नाही हो. तर म्हणाला, मग पाण्यात तांबं आहे का बघा. त्या औषधातही तांबंच असतं. माशाला चालून जातं, प्रवाळाला विष. ही कुपी त्यानेच दिली. सकाळी थेंब घातले. रंग बघा.

सासू : निळसर वाटतोय.

सून : रंग चढायलाच नको होता.

सासू : नळातून येत असेल. इमारतीचे पाइप काय आजचे आहेत?

सून : नळाचं पाणी टाकीत जातच नाही. नळातून गाळायच्या यंत्रात, यंत्रातून पिंपात, तिथे क्षार मोजायचा मीटर लावायचा, मग मोजून मीठ घालायचं, मग कॅन भरून टाकीत. पिंपातलं पाणी तपासलं, स्वच्छ. मीठ तपासलं, स्वच्छ. पंप सोडवून बघितला, कुठे तार उघडी नाही. मी वेडी व्हायची राहिले सकाळपासून.

सासू : तुझा नवरा फोनवर म्हणालाच ना, काढून टाका एकदाचं ते खटलं.

सून : त्यांना म्हणायला काय जातंय, महिना महिना बाहेर असतात. आणखी एक सांगते. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं शून्याचं पाणी घालायचं. काचेवर बाबांनी खूण केलीय, ती बघा, त्या खुणेपर्यंत. बाबा होते तोवर रोज दोन लिटर लागायचं. ते गेले आणि एकच लिटर लागायला लागलं. मला वाटलं, हवा दमट असेल.

सासू : असेल की.

सून : आई, ओट्यावर तो लिटरभराचा तांब्याचा गडू पालथा घातलाय. लख्ख घासलेला. बाबा नाहीत, तर तो रोज भरतं कोण?

सासू : मी भरते.

सून : आणि पितं कोण?

सासू : भाजी करपेल.

सून : गॅस अजून पेटवलेला नाही तुम्ही.

सासू : बरं.

सून : बरं काय, आई?

सासू : ह्यांना उठल्याउठल्या पाणी लागायचं. रात्री गडू भरून ठेवायचा आणि सकाळी हातात द्यायचा. एकोणचाळीस वर्षं दिला. आजारी असले तरी, माझ्याशी अबोला असला तरी. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी उठले, तर गडू भरलेला. मीच भरला होता आदल्या रात्री. हात जातोच गं. आता त्या पाण्याचं करायचं काय? मोरीत ओतवेना.

सून : म्हणून टाकीत ओतलंत.

सासू : सकाळी इथेच उभे असायचे ना ते. आत डोळे लावून. मी मागे गडू घेऊन. न बघता नुसता हात मागे करायचे, घेतला की पुन्हा तोंड काचेकडे. म्हटलं, जिथे घ्यायचे तिथेच द्यावं. नेम मोडवत नाही मला.

सून : रोज?

सासू : रोज.

सून : आज सकाळीसुद्धा?

सासू : तू उठायच्या आत.

सून : देवा. अहो, नळाचं पाणी चालत नाही हे तुम्हालाही पाठ होतं ना?

सासू : ते मला नळाचं वाटलंच नाही. ते ह्यांचं होतं.

सून : ह्यांचं, त्यांचं, पाण्याला काय कळतंय? रात्रभर तांब्याच्या भांड्यात राहिलेलं पाणी. घासता कशाने तो?

सासू : लिंबाने. पूर्वीपासून.

सून : म्हणजे आणखीच उतरत असणार. माणसाला चालतं ते. माणूस पितो आणि जातं बाहेर. इथून कुठे जाणार? पाणी उडतं, तांबं खालीच. दगडात मुरतं, वाळूत मुरतं. बाबांनी बारा वर्षं सांभाळलेले दगड आहेत हे. आता यातला एकही पुन्हा वापरता येणार नाही, सांगितलंय मासेवाल्याने. तुम्ही मला सांगायचं तरी होतंत.

सासू : तू विचारलंस कधी?

सून : काय विचारायचं? आई, तुम्ही टाकीत विष तर घालत नाही ना, असं?

सासू : हळू बोल. मला ऐकू येतं.

सून : मला नाही हळू बोलता येत तुमच्यासारखं.

सासू : एक सांगू? ही टाकी आणली तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, की समुद्राचे मासे आहेत तर समुद्राचंच पाणी का नाही आणत? हसले. म्हणाले, तू तुझा स्वैपाक बघ. सहा वर्षांनी तू आलीस. आठ दिवस झाले होते लग्नाला. तू तोच प्रश्न विचारलास. अगदी तोच. तुला त्यांनी ही खुर्ची ओढून दिली.

सून : मला आठवत नाही.

सासू : कशाला आठवेल? काय सांगितलं होतं त्यांनी तुला?

सून : हेच की काठाजवळच्या पाण्यात तेल असतं, गटारं सोडलेली असतात. बाटलीच्या पाण्यातही क्षार असतात, विहिरीच्या तर विचारू नका. म्हणून पाण्यातलं आधी सगळंच काढून टाकायचं आणि मग त्यात मोजून समुद्राचं मीठ घालायचं. म्हणजे आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

सासू : झालं?

सून : झालं.

सासू : अर्धं मिनिटसुद्धा नाही लागलं बघ तुला. एवढंच होतं. हे मला सांगायला त्यांना बारा वर्षांत अर्धं मिनिट मिळालं नाही.

सून : त्यात माझा काय दोष?

सासू : नाहीच आहे. म्हणून तर कधी बोलले नाही.

सून : नाही बोललात. माझ्याशी काहीच बोलला नाहीत. पहिलं वर्षभर या घरात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते या काचेसमोर बसायचं. तुम्ही मला मिठाचा डबा कुठे आहे तेही सांगितलं नव्हतंत.

सासू : सापडला ना तुला?

सून : तीन दिवस लागले.

सासू : मला ह्यांच्या आईने सांगितला नव्हता. मला आठवडा लागला.

सून : आई, खरं सांगा. मुद्दाम केलंत का हे?

सासू : पहिल्या दिवशी नाही.

सून : म्हणजे?

सासू : कोळंबी मेली त्या दिवशी तू बराच वेळ हात आत घालून बसली होतीस. बाहेर काढलीस ती, कागदावर ठेवलीस. तेव्हा माझ्या मनात आलं, गडूमुळे तर नसेल?

सून : कोळंबी जाऊन तीन आठवडे झाले.

सासू : हो.

सून : तीन आठवडे मी रोज पाणी मोजतेय, यंत्राच्या गाळण्या बदलतेय, रडतेय इथे बसून. आणि तुम्हाला माहीत होतं.

सासू : माहीत नव्हतं. शंका होती. थांबायला हवं होतं मी.

सून : मग?

सासू : थांबले नाही. रोज सकाळी म्हणायचे, आज नको. आणि गडू हातात आला की वाटायचं, ह्यांच्या सगळ्यात एवढं एकच काय ते माझ्या हातून होतंय. बाकीचं सगळं तुला येतं. पाप असेल तर ते माझं. मी नाही म्हणत नाही.

सून : तुम्ही रोज तासभर हात जोडून बसता, आई. काय मागता हो?

सासू : मागत नाही काही. बसते नुसती.

सून : माझ्या डोळ्यांदेखत माझं एवढं एक होतं ते मारलंत तुम्ही.

सासू : हं.

सून : नुसतं हं म्हणू नका.

सासू : दुसरं काय म्हणू? तुझं खरं आहे. यातलं काही राहिलंय का?

सून : तो कोपऱ्यातला प्रवाळ. हिरवी बोटं असलेला. बाबांनी आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. तोही मिटत चाललाय. दगडावरून सोडवून, नव्या टपात, नव्या पाण्यात आजच्या आज ठेवला तर एखादे वेळेस जगेल. चाळीस लिटर लागेल. आपलं यंत्र तासाला चार देतं, त्याच्या भरवशावर बसले तर संपला तो. मासेवाल्याकडे शून्याचं पाणी तयार मिळतं, पण मी गेले तर इथे हे कोण सोडवणार? तुम्ही जा आता आत. मला बोलवत नाहीये तुमच्याशी.

सासू : नको बोलूस. दवाखान्यात शेवटी काय म्हणाले ते सांगते आणि जाते.

सून : तुम्ही म्हणाला होतात, काहीच बोलले नाहीत.

सासू : सांगण्यासारखं नव्हतं म्हणून. मी हात धरून बसले होते. म्हटलं, आता तरी माझ्यापुरतं काहीतरी म्हणतील. तर म्हणाले, ‘ती एकटी कॅन उचलते. तिची पाठ धरते. हात देत जा तिला.’ मी म्हटलं, देते. त्यानंतर डोळे उघडले नाहीत.

सून : हे तुम्ही मला आज सांगताय?

सासू : तू कॅन ओढत न्यायचीस, फरशीवर आवाज यायचा. मी खोलीत बसून ऐकायचे. बावन्न दिवस. एकदा उठलेही, दारापर्यंत आले. परत फिरले.

सून : का?

सासू : तुझ्यासाठी म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी. माझ्यासाठी नव्हतं.

सून : मला नाही माफ करता येणार हे, आई. मनात नसताना म्हणायचंही नाही मला तसं.

सासू : मी कुठे मागितलं? तो मीटर दे इकडे.

सून : कशाला?

सासू : मासेवाल्याचं दुकान बँकेच्या गल्लीतच ना?

सून : वीस लिटरचा कॅन आहे. तुम्हाला नाही उचलायचा.

सासू : अर्धा भरीन. माझी भाजीची चाकांची पिशवी आहे. मीटर कसा धरायचा तेवढं दाखव.

सून : हे बटण. टोक पाण्यात बुडवायचं, आकडा थांबेपर्यंत थांबायचं. त्याच्या पिंपात नाही मोजायचं, कॅनमध्ये भरल्यावर मोजायचं. त्याआधी कॅन त्याच्याच पाण्याने विसळून घ्या.

सासू : साबण नको ना?

सून : साबण नको.

सासू : शून्य दिसलं तरच घेते.

सून : तो जगेलच असं नाही. मी आधीच सांगून ठेवते.

सासू : मला ते विचारायचं नाहीये. मी देते म्हटलं होतं, म्हणून जातेय.

सून : आणि गडू? आज रात्री?

सासू : भरीन. सकाळी मीच पिईन ते.

सून : चपला नीट घाला. जिना ओला आहे.

सासू : दार नुसतं लोटून ठेव. चार खेपा होतील.