आधी चाकू खाली ठेवा

आमच्या क्लासची परीक्षा कशी झाली ते आधी ऐका, चहा काय पळून जात नाही. लोणावळ्यात स्वसंरक्षण शिकायला आम्ही दहा-बारा बायका दर रविवारी जातो. त्यात टाकवे गावच्या शांतामावशी, वय साठ. काठीत त्या पहिल्याच दिवशी सरांना भारी पडल्या. जन्मभर म्हशी वळलेल्या हाताला काय शिकवणार? घोडं अडलं ते चाकूवर, आणि त्यात नापास तर सर्टिफिकेट नाही.

परीक्षेत सर रबरी चाकू रोखून अंगावर आले. "मावशी, घ्या काढून माझ्या हातातून!"

मावशी काठी धरून ढिम्म उभ्या. "न्हाई घेणार."

"अहो, का?"

"सुरी हातातनं हातात घेतली की भांडणं व्हत्यात. आधी खाली ठेवा."

सरही मावशींसारखे मावळातलेच, उर्से गावचे; त्यांच्याही आईने लहानपणापासून हेच बजावलेलं. पटकन वाकले आणि चाकू जमिनीवर ठेवला! मावशींनी त्यावर पाय दिला आणि काठी सरांच्या खांद्यावर टेकवली.

आम्ही हसून लोळलो. सर चिडले, "मावशी, खरा चोर ठेवील का असा चाकू खाली?"

"मावळातला आसंल तर ठेवील की. तुमी न्हाई का ठेवला?"