धावणं थांबवायला सांगणाऱ्या मॅडम

शुभदा मॅडमना निरोप द्यायला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मॅडमच्या घरच्यांनी सांगितलं, "सुमन, तू बोल." मला धावायची सवय, भाषणाची नाही. सांभाळून घ्या.

मी हरसूलकडची. नाशिकला लांब पल्ल्याच्या शर्यतींचा सराव करायचे. राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. माझे प्रशिक्षक, आमचे सर, मला तपासणीसाठी हृदयाच्या डॉक्टर शुभदा मॅडमकडे घेऊन आले. मॅडमनी ईसीजीचा कागद पाहिला. परत पाहिला. मग हृदयाची सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "उद्यापासून धावणं बंद."

बंद? सर उसळलेच. "मॅडम, खेळाडूंचे ठोके संथच असतात!"

"असतात. वर्षानुवर्षं धावलं की हृदय मोठं होतं, त्याची भिंत जाड होते, ईसीजीतली विजेची रेघही बदलते. पण हिच्या रेघेतल्या काही लाटा उलट्या आहेत. एका जन्मजात आजारातही अशाच दिसतात. त्यात धावता धावता ठोके विस्कटतात, आणि माणूस जागीच जातो."

"मग हिला काय आहे? मेहनत की आजार?"

"मला आज माहीत नाही."

मंडळी, एवढ्या मोठ्या डॉक्टरनं असं म्हणावं? सर तडक बाहेर गेले. सोबत आलेली माझी आई जमिनीवर बसली होती. "बाई, पोर इतकी पळती, तिला रोग कसा आसंल?"

मॅडम खुर्ची सोडून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "मावशी, मेहनतीनं जाड झालेली भिंत विश्रांतीनं ओसरते. आजारानं झालेली ओसरत नाही. काही महिने वाट पाहू."

ते महिने कसे काढले, विचारू नका. चाचणी झाली, माझ्याविना. माझी जागा दुसरीला गेली. उशीवर कान टेकला की ठोका ऐकू यायचा, मी कूस बदलायचे. सरांनी मॅडमना फोन केला, "निदान हलका सराव तरी?" मॅडम म्हणाल्या, "ती पडली तर तुम्ही उचलाल. हृदय थांबलं तर काय कराल?"

मग पुन्हा तपासणी. मॅडम पडद्यावर माझ्या हृदयाची भिंत बघत होत्या. मोजलं. पुन्हा मोजलं.

"मॅडम, सांगा ना."

"ओसरली गं. लाटाही सुलट झाल्यात." आणि त्यांनी यंत्र बंद केलं. "मला झोप नव्हती, सुमन."

पुढच्या मोसमात मी धावले. पदक नाही मिळालं. पण मॅडम मैदानाच्या कडेला सरांशेजारी उभ्या राहून ओरडत होत्या. रुग्णालयात त्यांना असं ओरडताना कुणी ऐकलंय का?

कर्करोगानं त्यांना फार थकवलं. शेवटचं भेटायला गेले, तर त्यांना बोलवत नव्हतं. माझंच मनगट धरलं आणि डोळे मिटून नाडी मोजत राहिल्या. बराच वेळ. मग नुसती मान हलवली, छान आहे म्हणून.

आता आपण सगळे उभे राहू या. काही बोलू नका. छातीवर हात ठेवा, आणि जे लागतंय हाताला, ते थोडा वेळ ऐका.

मॅडम, येते.