थोरल्यानं पुढं जायचं

पंढरी : थांबा जरा, नरहरीभाऊ. डहाळी कसली म्हणालात?

नरहरी : कळंबाची. लग्नाआधी मनोरच्या रानात माणूस पाठवायला लागतो ना. इथं समुद्राकाठी कळंब कुठला मिळायला? चिकू न्या, नारळ न्या, हवे तेवढे न्या. पण मांडवाच्या मेढीला आमाला कळंबच लागतो. माझ्या लग्नाला आणला, हिच्या बापाच्या लग्नाला तर मी स्वतः जाऊन आणला. आता आमच्या या दमयंतीच्या लग्नाला...

पंढरी : तुमचं देवक कळंब?

नरहरी : पिढ्यान्‌पिढ्या. का हो व्याहीबुवा, कप हातातच राहिला तुमचा?

दमयंती : आबा, काकांना आधी चहा तर घेऊ द्या.

पंढरी : चहा राहू दे, पोरी. भाऊ, आमचं पण कळंबच हाय.

नरहरी : असेल की. कळंब काय एकट्याच्या मालकीचा हाय? शंभर घरांत असेल.

पंढरी : असेल. पण देवक एक असलेल्या दोन घरांत सोयरीक होत नाय. ती भावंडं. हे मी तुमाला सांगायचं?

दमयंती : काका, आठ दिवसांवर साखरपुडा आलाय. गावाला आमंत्रणं गेली. आणि हे आज निघतंय?

पंढरी : चूक माझीच. तुमी बंदरपट्टीचे बागायतवाले, आमी डोंगरातले भातनाचणीवाले. आपलं देवक एक निघेल असं सपनात नाय आलं. म्हणून विचारलं नाय. आता विचारतो. भाऊ, तुमी मूळचे कुठले?

नरहरी : आता हे विचारलंत ते बरं केलंत! या तारापूरच्या बाजूला जा कुठंबी, नरहरीच्या घराण्याच्या पिढ्या विचारा. गावदेवीचा पहिला नारळ आमचा. का? तर इथं खाजण होतं, काटवण होतं, तेव्हा पहिला नांगर आमच्या माणसानं घातला. आमचा मूळपुरुष भिवा. घाट उतरून खोडाळ्याला आला, पाठीवर बियाणं बांधून. आमच्यात रीतच तशी. थोरल्यानं पुढं जायचं, मावळतीकडं, नवी जमीन फोडायची. धाकट्यानं जुनं शेत राखायचं. भिवाचा थोरला गोमा, तो जव्हारला आला. गोमाचा थोरला...

पंढरी : राघो.

नरहरी : ...राघो. तुमाला कसं ठाऊक?

पंढरी : राघो विक्रमगडावरून मनोरला आला. वाटेत त्याचा एक बैल वाघानं नेला, तर त्यानं दुसऱ्या बाजूला स्वतःचा खांदा लावला. राघोला दोन पोरं. थोरला चिंधू, धाकटा दामू. बोला, चुकलं काय?

नरहरी : नाय चुकलं.

पंढरी : दामू माझा आजा. त्याचा आत्माराम, आत्मारामाचा मी. आणि चिंधू?

दमयंती : आबा, नका सांगू.

पंढरी : का नको? सांगा भाऊ.

नरहरी : चिंधू इथं आला. चिंधूचा नवशा, नवशाचा रामा, रामाचा मी. सातबाऱ्याच्या जुन्या कागदावर हाय. नवशा चिंधू.

पंढरी : म्हणजे झालंच. आपण भाऊबंद. शंभर वर्षांनी भाऊ सापडला म्हणून गळ्यात पडू, का पोराचं लग्न मोडलं म्हणून डोक्यावर हात मारू?

दमयंती : मोडलं? काका, तुम्ही एका श्वासात मोडून मोकळे झालात? चार पिढ्या मध्ये गेल्या. तुमच्या घरातलं एक माणूस आम्हाला ओळखत नव्हतं. तुमचा शिवाजी बोईसरला कारखान्यात आला नसता, मी तिथल्या शाळेत शिकवायला गेले नसते, तर या जन्मात गाठ पडली नसती आमची. आणि आम्ही भावंडं?

पंढरी : हजार वर्षं होऊ देत. भाऊ तो भाऊ. उद्या तुमच्या पोरांना कोण पोरगी देईल? माझ्या धाकट्या दोघी अजून लग्नाच्या हायेत, त्यांना कोण करेल? तुमी शिकलेली माणसं कोर्टात जाऊन सही करून याल. गावात आमाला राहायचंय.

दमयंती : मी कोर्टात जाणार नाही. मला माझ्या आबांच्या अंगणातून जायचंय. आबा, बोला ना काहीतरी! एरवी पिढ्या सांगताना तुमचं तोंड थांबत नाही.

नरहरी : मी काय बोलू.

पंढरी : त्यांच्याकडं बोलायला हाय काय? पण मला एक विचारायचंय. चिंधूआजाचं लग्न मनोरला झालेलं. बायको साखरबाई. ती मनोरलाच राहिली. मग हा नवशा कोणाच्या पोटचा?

नरहरी : जुन्या गोष्टी हायेत, पंढरी. कशाला उकरायच्या?

पंढरी : मी पाहिलीय तिला! ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा. पंचाहत्तरीची म्हातारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. 'पीक घरात आलं की तुला न्यायला गाडी घेऊन येतो' असं सांगून गेला होता तिचा नवरा. दारात बसायची ती, रस्त्याकडं तोंड करून. आमी पोरं लांबून ओरडायचो, 'आजी, गाडी आली!' उठायची बिचारी. दर वेळी उठायची. आणि तो इकडं दुसरी घरात घालून, पोरं काढून, वाडी लावून बसला! थू असल्या...

नरहरी : थुंकू नका! त्याच्या नावावर थुंकायचं नाय. या घरात तर नायच नाय.

पंढरी : मग काय आरती करू?

नरहरी : त्यानं दुसरी केली नाय. त्याला वेळच मिळाला नाय. दमयंती, दार लोट.

दमयंती : आबा, दार कशाला लोटायचं?

नरहरी : लोट दार. पंढरी, तुमच्या घरी सांगतात ना, चिंधू निघाला तेव्हा बरोबर कोण होतं?

पंढरी : एक गडी होता. पोरगाच होता. बैलांमागं चालायला.

नरहरी : त्याचं नाव?

पंढरी : नाव कोणाला आठवतंय आता?

नरहरी : नवशा.

दमयंती : आबा!

नरहरी : पहिल्या पावसात दोघांनी मिळून बांध घातला, भात लावलं. पीक पोटरीत आलं आणि चिंधूला हिवताप भरला. आठ दिवसांत गेला. इथं वस्ती कसली, दोन-चार झोपड्या. शेजारच्या नवापूरच्या कोळ्यांनी खांदा दिला, काठावर सरण रचलं. अग्नी द्यायला कोणी नाय, तर नवशानं दिला. अठरा वर्षांचं पोर. पुढं गोऱ्यांची मोजणी आली. पाटलानं कारकुनाला सांगितलं, बापाला यानंच अग्नी दिला. सरणाला आग लावतो तो पोरगा, एवढंच त्या नव्या वस्तीला ठाऊक. कारकुनानं तसं लिहिलं. नवशा गप्प राहिला.

दमयंती : म्हणजे आपण चिंधूचे नाही?

नरहरी : नाय, बाळ. आपण त्याच्या गड्याचे. माझ्या बापानं मला शेवटच्या आजारात सांगितलं आणि कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली. आज मोडली. आता भावकी नाय आपली, पंढरी. जात एक, कुळ वेगळं. भावकीतला असता तर नवशाला गडी म्हणून राबवला असता काय तुमी?

पंढरी : आणि कळंब?

नरहरी : लोकांनी विचारू नये म्हणून. धन्याच्या पिढ्या पाठ केल्या, धन्याचं देवक लावलं. मी त्याच पिढ्या छाती काढून सांगत फिरलो. सत्तरी गेली माझी त्यात.

पंढरी : मनोरला निरोप का नाय धाडला?

नरहरी : तुमचा चहा गार झाला.

पंढरी : मी विचारतोय. दीड दिवसाची वाट. धनी गेला, एवढा निरोप. का नाय धाडला?

नरहरी : निरोप गेला असता तर दामू आला असता.

पंढरी : आला असता! भावाचं शेत होतं.

नरहरी : म्हणूनच नाय धाडला. जमिनीसाठी. मी लपवत नाय. बाई मागं होती हे नवशाला ठाऊक होतं. म्हातारपणी दारूच्या घोटावर तिचं नाव घेऊन रडायचा, असं बाप सांगायचा. पण धाडला नाय.

पंढरी : पंचावन्न वर्षं, भाऊ. पंचावन्न वर्षं ती विधवा होती आणि तिला कळलं नाय. आमी पोरं हसायचो तिला.

दमयंती : काका, पाणी घ्या.

पंढरी : नको मला या घरचं पाणी. सरळ सांगतो. आमची खालची शेतं धरणाखाली गेली. वर राहिलीय ती वरकस, नाचणीपुरती. म्हणून पोरगा बोईसरजवळ सरावलीला खोली करून राहिलाय. आणि इथं आमच्या चिंधूआजाची वाडी शंभर वर्षं दुसरे खातायत. काय करायचं मी? हसत साखरपुड्याला यायचं?

दमयंती : मग घ्या वाडी! आत्ता घ्या. आबा, द्या कागद काढून.

नरहरी : घ्यायची तर घ्या, पंढरी. मी कोर्टात आडवा येणार नाय. पण पोरीचं लग्न मोडू नका.

पंढरी : मला विकत घेता काय? वाडी द्यायची आणि पोरगा न्यायचा?

नरहरी : विकत घ्यायचा असता तर गप्प बसलो असतो. वाडी राहिली असती, नाव राहिलं असतं, गावदेवीचा नारळ राहिला असता. फक्त हिचं लग्न मोडलं असतं. ते मला बघवलं नाय, म्हणून बोललो. आता तुमी काय ते ठरवा.

(पंढरी थंड झालेला चहा एका घोटात पितो.)

पंढरी : कुठं जाळलं त्याला?

दमयंती : मी दाखवते. वाडीच्या टोकाला, सुरूच्या झाडाखाली दगड आहे एक. आबा दर सर्वपित्रीला तिथं पान ठेवतात. कोणाचं ते कधी सांगितलं नाही.

पंढरी : पान ठेवता?

नरहरी : नवशानं सुरू केलं. खाडा पडला नाय कधी.

पंढरी : आमी नाय ठेवत. जिवंत माणसाचं पान कसं ठेवायचं? साखरआजी ठेवू द्यायची नाय. ती गेल्यावर आमाला सुचलं नाय... घरी माझे दोन भाऊ हायेत. वाडीचं कळलं तर उद्या सकाळी तलाठ्याच्या दारात उभे राहतील.

नरहरी : सांगा त्यांना. खरं ते सांगा.

पंढरी : सांगणार. चिंधूआजा समुद्रापर्यंत पोचला, पहिल्याच पावसात गेला, बायकोला फसवलं नाय त्यानं, एवढं सांगणार. वाडीचं नाय सांगणार.

दमयंती : का, काका?

पंढरी : मगापासून मनात तेच फिरतंय. दीड दिवसाची वाट. नवशाला यावंसं वाटलं नाय, त्यानं पाप केलं, बरोबर. पण वाट काय एका बाजूनंच होती? बाई रोज रस्त्याकडं बघतेय, आणि आमच्या आज्याला, सख्ख्या भावाला, एकदा बैल जुंपून बघून यावंसं वाटलं नाय. पन्नास वर्षांत एकदा नाय. त्या पोरानं निदान आग तरी लावली.

नरहरी : पंढरी...

पंढरी : हात नका जोडू. माफ केलं असं मी म्हणालो नाय. साखरआजीच्या वतीनं मी कोण माफ करणार? साखरपुडा ठरल्या दिवशी होईल, बस. पण एक ऐका. तुमच्या मांडवाला कळंब बांधायचा नाय. आमचा आमी बांधू. तुमी तुमचं देवक लावा.

नरहरी : नाय बांधत. पण मग काय बांधू? नवशाचं देवक माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून तो तुमच्याच घरात होता. तुमीच सांगा. कुठला होता तो? कोणाचा?

पंढरी : गोठ्यात झोपायचा म्हणतात.

दमयंती : ते नाही, काका. आला कुठून? कोणत्या कुळातला?

पंढरी : आमच्या घरात त्याला कोणी विचारलंच नाय, पोरी.