हिरव्या तोंडाची बाई

फ्रान्समधल्या पर्पिन्याँ शहराच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर ओलं चित्र होतं.

"ओदेत, हात लावू नकोस गं."

"अरे एमिल, खोलीच्या भिंती एवढ्या लालभडक?"

"मूळ चित्रात तशाच आहेत. चित्रकलेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, आधी मोठ्या चित्रकारांची नक्कल करा, हात आपोआप बसेल."

"आणि तुला दिसतं कितीसं?"

"फिकं काहीच नाही. हे भडक रंग अजून दिसतात, म्हणून तर हेच चित्र घेतलं."

"खुर्चीत ही हिरव्या तोंडाची बाई कोण?"

"मूळ चित्रात खुर्ची रिकामी आहे."

"मग?"

"डोळे पुरते जायच्या आत तुला एकदा काढायचं होतं."

ओदेत चित्रावर वाकली.

"नाक चुकलंय माझं. उद्या समोर बसते. नीट चाचपून बघ आणि मग काढ."